पुण्याचा फर्न लातूरला मे महिन्यात का जळतो? आणि मग टिकतो कोणता?

लातूर किंवा नांदेडमधल्या कुठल्याही नर्सरीत ऑगस्टमध्ये जा. शेडनेटखाली टांगलेल्या कुंड्यांमधून झालरीसारखी लांब पानं लोंबत असतात. नर्सरीवाला सांगतो, "फर्न आहे. सावलीत ठेवा, रोज पाणी द्या, बारा महिने हिरवा राहतो." रोप घरी येतं. दिवाळीला छान दिसतं, संक्रांतीलाही दिसतं. होळी झाली की पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कुंडीत नुसत्या वाळलेल्या काड्या उरतात.

पाणी तर रोज घातलं होतं. सावलीही होती. मग बिघडलं कुठे?

याचं उत्तर तीन गोष्टींत आहे: आपली हवा, आपल्या बोअरचं पाणी आणि 'बारा महिने हिरवा' या शब्दांचा अर्थ. शेवटच्यापासून सुरुवात करू.

'सदाहरित' म्हणजे कुठे सदाहरित?

इंटरनेटवर सावलीच्या बागेत लावायचे सदाहरित फर्न शोधले, तर पहिल्या दहा याद्या अमेरिका आणि इंग्लंडच्या निघतात. त्यांत 'ख्रिसमस फर्न' हमखास असतो. पूर्व अमेरिकेतल्या जंगलातला हा नेचा. बाकी सगळं बर्फाखाली गेलं तरी डिसेंबरात याची पानं हिरवी असतात, म्हणून हे नाव. म्हणजे तिकडे सदाहरित ठरण्याची परीक्षा हिवाळ्यात होते. ज्याची पानं थंडीत गळत नाहीत तो सदाहरित.

आपल्याकडे हिवाळा ही परीक्षाच नाही. नांदेड-लातूरचा डिसेंबर नेच्यासाठी वर्षातला सगळ्यात आरामाचा काळ. इथली परीक्षा मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालते. पारा ४२ च्या वर, दुपारची हवा कोरडी, आणि बोअरचं पाणी खाली गेलेलं. बर्फात टिकणारी जात या परीक्षेत पास होईलच असं काही नाही. बहुतेकदा होत नाही. त्यामुळे त्या याद्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या. आपल्याला हवा आहे तो मे महिन्यात हिरवा राहणारा नेचा.

आधी हे ठरवू, की नेचा कशाला म्हणायचं

फर्नला मराठीत नेचा म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात टेरिडोफायटा या गटात नेफ्रोलेपिस, टेरिस, मार्सेलिया, ॲडिअँटम ही नावं पाठ केलेली आठवत असतील, ते हेच. जगात नेच्यांच्या साधारण साडेदहा हजार जाती आहेत. त्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. नवं पान गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं बाहेर येतं आणि हळूहळू उलगडतं. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, त्यांत बीजाणू तयार होतात.

हे ठिपके बघून अनेकजण घाबरतात. कीड पडली असं वाटून पानं छाटतात, औषध फवारतात. ठिपके ओळीत, एकसारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूच समजा. कीड इतकी शिस्तीत बसत नाही.

आता दोन गैरसमज. लहानपणी वहीत 'विद्या' म्हणून जपलेलं मोरपंखीचं पान नेच्याचं नाही. ते थुजा, सूचिपर्णी झाड. दुसरं, नर्सरीत 'ॲस्परॅगस फर्न' म्हणून मिळतं ते शतावरीच्या कुळातलं. फर्न फक्त नावात. गंमत म्हणजे मराठवाड्यात खऱ्या फर्नपेक्षा हेच जास्त टिकतं, कारण त्याच्या मुळांना पाणी साठवणाऱ्या गाठी असतात. तुम्हाला फक्त झुपकेदार हिरवी पानं हवी असतील आणि वनस्पतिशास्त्राशी देणंघेणं नसेल, तर ॲस्परॅगस घ्या आणि हा लेख इथेच सोडा. खरंच सांगतोय.

मे महिन्यात नेच्याला नेमकं काय होतं?

हवा किती 'तहानलेली' आहे हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. पुण्यातली सप्टेंबरमधली एखादी दुपार धरा: २५ अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. आणि लातूरची मे महिन्यातली दुपार धरा: ४२ अंश, २० टक्के आर्द्रता. गरम हवा मुळात जास्त वाफ धरू शकते, आणि त्यात ती रिकामीही असते. दोन्हींचं गणित मांडलं तर लातूरची हवा पानातून पाणी ओढण्यात साधारण दहापट जोर लावते. सावलीत ऊन लागत नाही, पण हवा तीच असते. म्हणून "सावलीत तर ठेवला होता" हे पुरेसं नाही.

दुसरी अडचण नेच्याच्या आतली आहे. वड-पिंपळासारख्या झाडांत मुळांपासून पानापर्यंत पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या असतात. बहुतेक नेच्यांत त्या नसतात. पाणी अरुंद पेशींमधून, अनेक आडपडदे ओलांडत वर चढतं. कुंडीत पाणी असूनही दुपारी पानाच्या टोकापर्यंत ते वेळेत पोचत नाही. टोक सगळ्यात लांब, म्हणून आधी टोक जळतं. मग आपण आणखी पाणी ओततो, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि पाणी वर चढणं आणखी कमी होतं. मे महिन्यात कितीतरी फर्न तहानेने नाही, तर अशा जास्तीच्या पाण्याने मरतात.

तिसरी गोष्ट पाण्याची जात. मराठवाडा बसाल्टच्या काळ्या दगडावर बसला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. गीझरच्या कॉइलवर आणि कूलरच्या वाळ्यावर जो पांढरा थर चढतो, तोच कुंडीच्या मातीत आणि कडेला चढतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोस्टन फर्नसारख्या किंचित आम्लधर्मी माती आवडणाऱ्या रोपाला हे सोसत नाही. आणि घरच्या आरओ मशीनचं 'वेस्ट' पाणी झाडांना घालायची सवय असेल, तर ते पाणी बोअरपेक्षाही खारट असतं हे लक्षात घ्या. फरशी पुसायला वापरा, नेच्याला नको.

काळ्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. कापसाला आणि सोयाबीनला ती सोनं आहे. कुंडीत मात्र ती ओली झाली की चिखल होते आणि वाळली की भेगाळते. नेच्याची मुळं केसासारखी बारीक. भेग पडली की तुटतात.

पण लातूरमध्ये फर्नला पाणी घालावं का?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातूरच्या पाणवठ्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची 'जलदूत' सुरू झाली आणि एका फेरीत २५ लाख लिटर येऊ लागलं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. म्हणजे पहिल्या गाडीतून माणशी आलं साधारण सव्वा लिटर.

आता कुंड्यांचा हिशेब. दहा इंची कुंडीतल्या भरलेल्या फर्नला मे महिन्यात रोज अर्धा ते एक लिटर पाणी लागतं असं धरू. दहा कुंड्या म्हणजे सरासरी साडेसात लिटर. त्या पहिल्या गाडीतल्या सहा माणसांचा वाटा.

दरवर्षी २०१६ येत नाही हे खरं. आणि ज्या जिल्ह्यात उसाला किती पाणी जातं यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, तिथे दहा कुंड्यांवर बोट ठेवणं थोडं हास्यास्पदही आहे. तरी टँकरच्या पाण्यावर बोस्टन फर्नची रांग जगवावी, असं मला वाटत नाही. कुंड्या किती ठेवायच्या हे घरात एप्रिल-मेमध्ये किती 'दुसऱ्या हातचं' पाणी निघतं त्यावर ठरवा. डाळ-तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं. एसीचं पाणी तर क्षारांशिवायचं असतं, नेच्याला उत्तम. फक्त कोरड्या हवेत ते कमी मिळतं. साबणाचं पाणी यात धरायचं नाही. एवढ्यात दोन कुंड्या जगत असतील तर दोनच ठेवा.

गच्चीचं पाणी हा दुसरा मार्ग. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर दोन मिलिमीटरची एक सर पडली तरी २०० लिटरचं पिंप भरतं. लातूरला वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि नांदेडला ९०० च्या आसपास पाऊस पडतो. झाकण लावून, डास होऊ न देता दोन पिंपं भरून ठेवली, तर ते पाणी फेब्रुवारीनंतर जपून वापरता येतं. रोजचं पाणी बोअरचं असलं तरी आठवड्यातून एकदा हे पाणी भरपूर घालून कुंडीतले साठलेले क्षार खालून धुऊन काढायचे. पावसाच्या पाण्याचा नेच्याला हाच सगळ्यात मोठा उपयोग.

मराठवाड्याचे आपले नेचे कुठे आहेत?

नेचे म्हटलं की महाबळेश्वर, आंबोली, आंबा घाट डोळ्यासमोर येतो. ते बरोबरच आहे, सह्याद्रीत त्यांची खरी श्रीमंती. ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२ मध्ये 'फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक काढलं तेव्हा नांदेड आणि लातूर हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, मुंबई इलाख्यात नव्हता. पुढे व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ मध्ये दोन खंडांत आला, तो फुलणाऱ्या वनस्पतींचा. नेच्याला फूल नाही, म्हणजे तिथेही जागा नाही.

पण मराठवाड्यात नेचे आहेत. ते शोधायचे तर वर नाही, खाली बघायचं. विहिरीत.

जुन्या आडाच्या किंवा बारवेच्या कठड्यावरून वाकून पाहिलं, तर पाण्याच्या थोडं वर, दगडांच्या सांध्यात हिरवी नक्षी दिसते. काळ्या चकचकीत देठांवर पंख्यासारखी छोटी पानं असलेला तो हंसराज. इंग्रजीत मेडनहेअर, शास्त्रीय नाव ॲडिअँटम. विहिरीत ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, पाण्याची वाफ अडकून राहते आणि भिंतीतून पाझर चालू असतो. वर ४२ अंश असताना आत वेगळंच हवामान असतं. शिवाय ॲडिअँटमची कॅपिलस-व्हेनेरिस ही जात चुन्यावर खूश असते. पाण्यातले जे क्षार बोस्टन फर्नला मारतात, त्यांचं हिला वावडं नाही.

भिंतीवरचा दुसरा रहिवासी टेरिस व्हिटाटा. लांब देठावर दोन्ही बाजूंना पट्ट्यांसारखी पानं. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती, गटाराच्या कडा, पुलाखालचे ओलसर दगड, कुठेही येतो. ऊनही बऱ्यापैकी सोसतो. या साध्या रोपाचं नाव २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं होतं. फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसलं की आर्सेनिकने दूषित झालेल्या मातीतून हा नेचा ते विष ओढून पानांत साठवतो आणि तरीही तगतो. तेव्हापासून दूषित जमिनी स्वच्छ करायला त्याचा वापर करून पाहिला जातो. तुमच्या कंपाउंडवरच्या रोपाला घाबरायचं कारण नाही, फक्त त्याची पानं खायची नाहीत आणि शेळीलाही घालायची नाहीत.

खडकाच्या भेगांत सापडते ती मयूरशिखा. ताडाच्या झाडाची बोटभर उंचीची प्रतिकृती म्हणा. उन्हाळ्यात पानं मिटून वाळल्यासारखी होतात, पाऊस आला की पुन्हा उघडतात. ही सदाहरित नाही, पण हिने दुष्काळाशी केलेली तडजोड बघण्यासारखी आहे.

आणि एक नेचा मराठवाड्यातले शेतकरी नेचा आहे हे माहीत नसताना वाढवतात. अझोला! दुधाच्या जनावरांना खाद्य म्हणून प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वाढवतात तो. अझोला हा पाण्यावर तरंगणारा फर्न आहे. त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नत्र पकडतात, म्हणून त्यात प्रथिनं चांगली. त्यालाही थेट ऊन चालत नाही. शेतकरी खड्ड्यावर ५० टक्क्यांची शेडनेट टाकतात किंवा चिंचेखाली-लिंबाखाली खड्डा घेतात, पाणी वीतभरापेक्षा कमी ठेवतात, थोडं शेण कालवतात. सावलीची बाग कशी करावी हे गोठ्यामागे आधीच चालू आहे.

बारवांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी लोक एकत्र येऊन बारवा साफ करतायत, गाळ काढतायत, आणि हे फार चांगलं काम आहे. पिंपळ, उंबर, वड यांची रोपं भिंतीतून काढलीच पाहिजेत, ती दगड उचकटतात. पण त्याच हाताने खराट्याने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने हंसराजही खरवडला जातो. त्याची मुळं बारीक, वरवरची असतात. पिंपळ आणि हंसराज यांना एकच शिक्षा कशाला? भिंत कमकुवत असेल तर जाणकाराला विचारावं, पण 'हिरवं दिसलं की काढा' हा नियम नको. आसपास कित्येक कोसांत त्या नेच्याला जगायला तेवढीच एक जागा असते.

त्याच कारणाने विहिरीतून किंवा किनवट-माहूरच्या जंगलातून रोपं उपटून आणू नका. एक तर अभयारण्यातून काहीही उचलणं गुन्हा आहे, आणि दुसरं, हंसराज असा उपटून आणला की जगतच नाही.

मग घरी काय लावायचं?

आधी नेफ्रोलेपिस. नर्सरीत सरसकट 'बोस्टन फर्न' म्हणून दोन वेगळी रोपं विकली जातात. खरा बोस्टन हा नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा एक प्रकार. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांच्या खेपेत तो वेगळा म्हणून ओळखला गेला. पानं लांब, लोंबती, दिसायला देखणा, आणि आपल्या उन्हाळ्यात नाजूक. दुसरा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया, भारतात निसर्गतः आढळणारा. याची पानं अरुंद आणि जास्त सरळ उभी. खूण मातीत आहे: कुंडीतून रोप काढून पाहिलं तर मुळांना वाटाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गोल गाठी दिसतात. त्यांत पाणी साठलेलं असतं. एखाद्या आठवड्याचं दुर्लक्ष झालं, पानं गेली, तरी गाठीतून पुन्हा फुटवा येतो. नांदेड-लातूरला जमिनीत लावायचा नेचा निवडायचा तर माझं मत याला. नर्सरीवाल्याला नाव माहीत नसलं तरी चालेल, "गाठीवाला आहे का, कुंडीतून काढून दाखवा" एवढं म्हणा.

दुसरा टेरिस. तो विकत फारसा मिळत नाही, पण ओळखीच्या कुणाच्या अंगणातल्या भिंतीत आला असेल तर पावसाळ्यात मातीसकट छोटं रोप काढून लावता येतं. कुंडीच्या मातीत जुन्या चुन्याच्या भिंतीचा चुरा किंवा विटांचे तुकडे घालायचे.

हंसराज उघड्या कुंडीत लावायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी सतत ओलसर भिंत हवी किंवा काच हवी, त्याबद्दल पुढे. बर्ड्स नेस्ट आणि स्टॅगहॉर्न महाग असतात आणि घराच्या आत, कूलरच्या खोलीत थोडेफार टिकतात. सह्याद्रीत झाडांवर दिसणारा बाशिंग नावाचा नेचा चिवट असतो, पण तो कोरड्या दिवसांत हिरवी पानं टाकतो. म्हणजे सदाहरित नाही.

जागा, माती आणि मे महिना काढायची युक्ती

जागा घराच्या उत्तरेला. भिंत आणि कंपाउंड यांच्यामधला जो अरुंद बोळ आपण मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरतो, तो नेच्यासाठी सगळ्यात चांगला. वारा कमी, ऊन जवळपास नाही. पश्चिमेची भिंत मात्र टाळा. ती दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. स्लॅबच्या गच्चीवर शेडनेटखाली ठेवलेला फर्न याच कारणाने जातो. वरून ऊन अडतं, खालून तवा तापलेलाच असतो.

जुन्या माळवदाच्या घरांत हे प्रश्न नव्हते. जाड भिंती, मधला चौक, चौकात किंवा परसात आड, आडाशेजारी सांडपाण्याची ओल. नेचा आपोआप यायचा. अर्थात त्या घरांच्या आठवणीत फार रमता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. लातूरकरांनी सिमेंटचं घर निवडलं ते हौसेने नाही. तेव्हा सावली आता दुसऱ्या मार्गाने करायची.

माती अशी: एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठ-दोन मूठ विटांचे तुकडे. कोकोपीट आधी दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातही मीठ असतं. कुंडी मातीचीच घ्या. प्लास्टिकमध्ये ओल जास्त टिकते हे खरं, पण मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून मूळ थंड राहतं, माठातल्या पाण्यासारखं.

माठावरूनच पुढची युक्ती. मोठी कुंडी घ्या, तळाला वाळू टाका, त्यात फर्नची कुंडी ठेवा आणि दोन्हींमधल्या फटीत वाळू भरा. उन्हाळ्यात पाणी फर्नला कमी आणि या वाळूला जास्त घालायचं. वाळूतलं पाणी उडताना आतली कुंडी गार ठेवतं, आणि वर चढणारी वाफ पानांभोवती राहते. वाळूत बोअरचं क्षाराचं पाणी गेलं तरी फारसं बिघडत नाही, म्हणजे चांगलं पाणी मुळांसाठी वाचतं.

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. पाच कुंड्या एकत्र असल्या तर मधलीची पानं सगळ्यात हिरवी राहतात, कारण त्या आपसात ओलावा वाटून घेतात. मातीवर उसाच्या पाचटाचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं जाड थर द्या. मार्चच्या शेवटी जुनी, बाहेरची निम्मी पानं बुडातून कापून टाका. जिवावर येतं, पण पानं निम्मी झाली की पाण्याचा खर्चही खाली येतो.

कूलर असेल तर त्याचा विचार करा. व्यावसायिक पॉलीहाऊसमध्ये एका बाजूला ओले पॅड आणि दुसऱ्या बाजूला पंखे लावून हवा गार करतात, आपला कूलर तेच करतो. कूलरच्या खोलीत, झोताच्या थेट समोर न ठेवता बाजूच्या कोपऱ्यात ठेवलेला फर्न मे महिना बरा काढतो. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र त्याला घालू नका, उडून उडून ते खारट झालेलं असतं. दुपारी पानांवर फवारा मारण्याचाही मोह आवरा. पाच मिनिटांत पाणी उडतं आणि पानावर पांढरे डाग राहतात.

लंडनच्या डॉक्टरची बाटली

हंसराज हवाच असेल तर एक जुना उपाय आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा नाद, पण कोळशाच्या धुराने एकही रोप जगेना. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष बंद बाटलीत, ओलसर मातीवर ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचं रोप उगवलेलं दिसलं. बाहेर जे मरत होतं ते बंद बाटलीत जगत होतं. पानातून उडालेलं पाणी काचेवर जमत होतं आणि पुन्हा मातीत उतरत होतं. वॉर्ड यांनी यावरून काचेच्या पेट्या बनवल्या. इंग्लंडमध्ये घराघरांत नेचे ठेवायचं वेड पसरलं. आणि याच पेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आणली गेली.

त्यांचा शत्रू धूर होता, आपला शत्रू कोरडी हवा. उपाय तोच. लोणच्याची मोठी काचेची बरणी, तळाला खडे, थोडा कोळसा, वर माती, त्यात नर्सरीतून आणलेलं हंसराजाचं छोटं रोप. पाणी एकदाच, बेताचं, पावसाचं किंवा एसीचं. झाकण लावा. काचेवर सकाळी थोडं दव दिसलं की प्रमाण बरोबर. दिवसभर काच धुकट राहिली तर झाकण दोन तास काढा. बरणीला थेट ऊन अजिबात लागू देऊ नका, काचेत रोप शिजतं. असं जमलं तर महिना-दीड महिना पाणी लागत नाही. लातूरच्या मे महिन्यात, एका कपभर पाण्यात, हिरवा हंसराज. पाण्याच्या हिशेबात बसणारा माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक फर्न.

बीजाणूंपासून रोप होतं का?

होतं, आणि खर्च शून्य. पानामागचे ठिपके गडद तपकिरी झाले की ते पान कागदाच्या घडीत दोन-तीन दिवस ठेवा. कागदावर बारीक तपकिरी पूड पडते. एक विटेचा तुकडा पाण्यात पंधरा मिनिटं उकळून घ्या, म्हणजे त्यावरची बुरशी मरते. गार झाल्यावर तो बरणीत ठेवा, तळाला बोटभर पाणी घाला, विटेवर ती पूड हलकेच झटका आणि झाकण लावून उत्तरेच्या खिडकीत ठेवा. काही आठवड्यांत विटेवर हिरवी साय धरते. जवळून पाहिलं तर त्यात नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराच्या चकत्या दिसतात. नेच्याचं मीलन या चकत्यांवर होतं, आणि त्यासाठी पाण्याचा थेंब लागतोच, कारण नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते. म्हणून या काळात विटेवर आठवड्यातून एकदा उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा मारायचा. त्यानंतर चकतीतून पहिलं गुंडाळलेलं पान वर येतं. ते दोन इंचांचं झालं की रोप छोट्या कुंडीत हलवायचं.

हे सगळं जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागल्यावर सुरू करा. पहिल्या कुंडीपर्यंत पोचायला सहा महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. विकतचं रोपही जुलैतच आणा, म्हणजे मुळं धरायला त्याला आठ महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याहून येताना गाडीच्या डिकीत घालून आणलेला फर्न कितीही स्वस्त मिळाला तरी नको.